फॅक्टरच्या बाटलीवरचा आकडा: तो कसा ठरतो आणि तुम्ही काय पाहावे

हिमोफिलिया असलेल्या मुलाचा गुडघा सुजला, की विट्याहून सांगली किंवा साताऱ्याच्या रुग्णालयात धाव घ्यावी लागते. तिथे मिळणाऱ्या फॅक्टरच्या बाटलीवर 250, 500 असा आकडा असतो. उपचार या आकड्यावर चालतो, बाटल्यांच्या संख्येवर नाही.

युनिट म्हणजे काय?
निरोगी माणसाच्या 1 मिलि प्लाझ्मात साधारण जेवढा फॅक्टर असतो, तेवढा म्हणजे 1 युनिट. हिमोफिलिया ‘ए’मध्ये वजनाच्या दर किलोमागे 1 युनिट फॅक्टर 8 दिला, की रक्तातील पातळी सुमारे 2 टक्क्यांनी वाढते. 20 किलोच्या मुलाची पातळी 40 टक्क्यांनी वाढवायची, तर सुमारे 400 युनिट लागतात. मात्रा डॉक्टरच ठरवतील.

प्रयोगशाळेत काय तपासतात?
- ताकद: फॅक्टर 8 नसलेल्या प्लाझ्मात औषध मिसळून गुठळी व्हायला किती सेकंद लागतात ते मोजतात आणि प्रमाणित नमुन्याशी ताडून पाहतात. दुसऱ्या पद्धतीत रंग किती गडद होतो ते मोजतात.
- सुरक्षितता: हे औषध अनेकदा रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून बनते. 1980 च्या सुमारास अशा औषधातून जगभर अनेक रुग्णांना एचआयव्ही आणि कावीळ ‘सी’ची लागण झाली. म्हणून आता प्लाझ्मा तपासतात, शिवाय उष्णता किंवा रसायनांनी विषाणू नष्ट करतात. तरीही कावीळ ‘ए’ आणि ‘बी’ची लस घ्यावीच.

भारतात नोएडा येथील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बायोलॉजिकल्समध्ये रक्तापासून बनलेल्या औषधांची तपासणी होते.

तुम्ही काय पाहावे?
- फॅक्टर 8 की 9, युनिट, बॅच क्रमांक आणि मुदत. हे सर्व वहीत तारखेसह लिहा.
- बाटली फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नको. वीज बराच वेळ गेली असेल, तर डॉक्टरांना सांगा.
- मिसळताना बाटली जोरात हलवू नका, हळू फिरवा. गढूळ किंवा गाठी असलेले औषध वापरू नका.

फॅक्टर देऊनही रक्त थांबत नसेल तर?
औषध बनावट आहे असे लगेच समजू नका. मात्रा कमी पडली असेल किंवा शरीरात फॅक्टरविरोधी प्रतिद्रव्ये, म्हणजे इनहिबिटर, तयार झाले असतील. यासाठी रक्ततपासणी असते. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत ती होते. नमुना उन्हात किंवा उशिरा पोहोचला, तर निकाल चुकतो. त्यामुळे रक्त कुठे द्यायचे, हे आधी डॉक्टरांना विचारा.

लक्षात ठेवा: डोक्याला मार लागला, पोटात दुखले किंवा मानेला सूज आली, तर तपासणीची वाट पाहू नका. आधी फॅक्टर, मग तपासणी. जाताना वही सोबत घ्या.