दोन बेटं, दोन घड्याळं

भारत आपल्यापुढे हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास, हे गणित आपल्या मुलांनाही पाठ आहे. पण त्यातला तो 'साडे' कुठून आला? त्यामागे दोन बेटांची गोष्ट आहे. एक आपलं आताचं ब्रिटन, दुसरं सात बेटं जोडून झालेली मुंबई.

पूर्वी प्रत्येक गावाची वेळ सूर्यावर ठरे. आपलं हॅरो ग्रिनिचच्या किंचित पश्चिमेला, म्हणून इथली दुपार मिनिटभर उशिरा. ब्रिस्टलची तर दहा मिनिटं. १८३७ साली हॅरोला रेल्वे आली. पुढे वेळापत्रकाच्या सोयीसाठी १८४७-४८ च्या सुमारास बहुतेक रेल्वे कंपन्यांनी ग्रिनिचची वेळ स्वीकारली. कायदा मात्र झाला १८८० साली. ब्रिस्टलच्या कॉर्न एक्स्चेंजच्या घड्याळाला आजही दोन मिनिटकाटे आहेत, एक गावचा आणि एक लंडनचा!

मुंबईची स्वतःची वेळ ग्रिनिचपुढे ४ तास ५१ मिनिटं. भारतातली रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेवर धावे, म्हणजे मुंबईपेक्षा अर्धा तास पुढे. १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी हीच वेळ शहरावर लादायचा प्रयत्न केला. लोकांनी ती मानली नाही. राजाबाई टॉवरच्या घड्याळाने कोणती वेळ दाखवावी यावरही वाद रंगला. लोकांना न विचारता त्यांची वेळ बदलायची नाही, ही फिरोजशहा मेहतांसारख्यांची भूमिका होती.

१ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचपुढे साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची घड्याळं ३९ मिनिटं पुढे गेली. आपल्याला ही ३९ मिनिटं किरकोळ वाटतील, पण पहाटे भोंग्यावर गिरणी गाठणाऱ्या कामगाराची तेवढी झोप गेली. कामगारांनी त्याच महिन्यात निदर्शनं केली. महापालिकेने तर स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं मुंबईची वेळ सोडली नव्हती. एकाच शहरात दोन वेळा, त्यामुळे 'कुठल्या टायमाने?' असं विचारावंच लागे.

ब्रिटिशांनीही कमी तक्रारी केल्या नाहीत. १९१६ साली युद्धकाळात उन्हाळी वेळ आली. १९६८ ते १९७१ सलग तीन वर्षं घड्याळ एक तास पुढेच ठेवून पाहिलं. हिवाळ्यात मुलं अंधारात शाळेला जात, म्हणून तो प्रयोग सोडावा लागला.

हे वाचल्यापासून मी दादरला आईला फोन करताना वेगळा विचार करते. इथे संध्याकाळी सहाला मी कामावरून येते, तेव्हा हिवाळ्यात तिथे साडेअकरा वाजलेले असतात. ऐंशी वर्षांची आई 'मी जागीच होते गं' म्हणते. ती जागी नसते, हे आवाजावरून कळतं. आमच्या संवादासाठी तीही आपली झोप देते, गिरणी कामगारांसारखीच, फक्त तक्रार न करता. आता मी शनिवारी आणि रविवारी सकाळी, तिच्या दुपारच्या चहाच्या वेळेला फोन करते.

घड्याळ सरकार ठरवतं, रेल्वे ठरवते. पण दोन बेटांमधल्या त्या साडेपाच तासांतला कुणाचा वेळ कुणी द्यायचा, हे आपल्यालाच ठरवायचं असतं. येत्या ऑक्टोबरात घड्याळ मागे कराल तेव्हा तिकडच्या आजी-आजोबांची सोय आधी विचारा.