सोसल्याला समुद्र दाखवावयाचा तर

कावेरी आणि कपिला या दोन नद्यांचा संगम ज्या तिरुमकूडलु नरसीपुरापाशी होतो, त्याच्या परिसरात सोसले हे गाव आहे. विजयनगरच्या दरबारात ज्यांच्या विद्वत्तेचा दबदबा होता त्या व्यासतीर्थांच्या परंपरेतील मठामुळे त्याचे नाव कर्नाटकाबाहेरील माध्व घराण्यांनाही ठाऊक आहे. या गावापासून सर्वांत जवळचा समुद्रकिनारा सरळ रेषेने मोजला तरी दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर पडतो, आणि मध्ये सह्याद्री आडवा आहे. गावाखालून वाहणारे कावेरीचे पाणी समुद्राला मिळते खरे, पण ते पूर्वेकडे, तमिळ मुलखातील पूंपुहारजवळ. तेव्हा येथील माणसाने समुद्राविषयी जे जाणले ते कानांनी जाणले, किंवा घरच्या देव्हाऱ्यातील एका वस्तूवरून जाणले. ती वस्तू म्हणजे शंख.

हा शंख हातात घेऊन पाहावा. बाहेरून तो दुधाळ, जड आणि गुळगुळीत असतो. तोंडाशी आत बोट घातले तर मधल्या खांबावर तीन-चार आडव्या वळ्या लागतात. आणि तो कानाशी धरला की मुलांना सांगण्यात येते, की हा समुद्राचा आवाज. मनारच्या आखातात, तुतिकोरीनच्या बाजूस, पाणबुडे श्वास रोखून तळाशी जात आणि वाळूतून हे शंख वेचून आणीत. जेम्स हॉर्नेल या मत्स्यशास्त्रज्ञाने १९१४ साली या एकाच प्राण्यावर आणि त्याच्या व्यापारावर एक सविस्तर ग्रंथ लिहिला. परंतु ज्या पाण्यातून हा शंख आला ते पाणी पाणबुड्याच्या एका श्वासाच्या आवाक्यातले, म्हणजे समुद्राचा केवळ उंबरठा होय. त्या उंबरठ्यापलीकडे जे अफाट घर आहे, त्याची वार्ता भूमीवरील माणसापर्यंत कशी पोहोचली, आणि सोसल्यासारख्या गावापर्यंत ती पोहोचावयास किती काळ लागला, हा इतिहास सांगण्यासारखा आहे.

एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने १८४३ साली असे अनुमान मांडले, की सुमारे तीनशे वावांखाली समुद्र निर्जीव असावा. या अनुमानाला तडे जाऊ लागले होतेच. १८७२ ते १८७६ या काळात चॅलेंजर या जहाजाने पृथ्वीप्रदक्षिणा करून ते कायमचे मोडीत काढले. पण चॅलेंजरचा मार्ग आपल्या दर्यातून गेला नाही. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांचा तळ प्रथम पद्धतशीर धुंडाळला तो मुंबईच्या गोदीत १८८१ साली बांधलेल्या इन्व्हेस्टिगेटर या लाकडी आगबोटीने. तिच्या दोन्ही बाजूंस फिरती चाके होती. तिचे मूळ काम नकाशे करण्याचे, बंदरांची आणि किनाऱ्यांची खोली मोजण्याचे. खोल पाण्यातील जीवांचा शोध हे जोडकाम होते, आणि ते सरकारी दप्तरात 'सर्जन-नॅचरलिस्ट' म्हणून नोंदलेल्या, म्हणजे जहाजावरील वैद्यकी सांभाळून उरलेल्या वेळात प्राणिशास्त्र पाहणाऱ्या, एका गृहस्थाकडे सोपविलेले असे. अशा जोडकामातूनच हिंदुस्थानातील खोल समुद्राच्या विद्येचा पाया घातला गेला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आल्फ्रेड अल्कॉक हा १८८८ पासून सुमारे चार वर्षे त्या आगबोटीवर असाच सर्जन-नॅचरलिस्ट होता. हिवाळा आणि उन्हाळा समुद्रावर काढावा, पावसाळ्यात जहाज मुंबईस दुरुस्तीला लागले की कलकत्त्याच्या संग्रहालयात जाऊन मिळालेले जीव तपासावेत, असा त्याचा वर्षाचा क्रम होता. तारेच्या दोराला बांधलेले जाळे हजार-दोन हजार मीटर खाली सोडावयाचे, तासन् तास ते तळावरून ओढावयाचे, आणि मग वाफेच्या यंत्राने वर घ्यावयाचे. इतके करून कधी जाळे फाटलेले येई, कधी नुसता चिखल येई, आणि कधी त्या चिखलात असे काही सापडे की जे त्यापूर्वी कोणत्याही मानवाने पाहिलेले नव्हते. ज्यांच्या अंगातून अंधारात निळसर प्रकाशाचे ढग बाहेर फेकले जातात अशा झिंग्यांची नोंद त्याच्या लिखाणात आहे. १८९१ साली त्याने एका माशाचे वर्णन प्रसिद्ध केले, जो आपल्या बोंबलाचा अगदी जवळचा भाऊबंद निघाला. मात्र बोंबील किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात राहतो आणि हा खोल पाण्यात. ज्या माशाची वाळवण दोऱ्यांवर टांगलेली आपण वर्सोव्याला पाहतो आणि ज्याचा वास घाटावरच्या बाजारातही ओळखू येतो, त्याच्याच कुळातील एक शाखा अंधारात नांदते, ही गोष्ट मराठी वाचकाला जितकी जवळची वाटेल तितकी दुसऱ्या कुणाला क्वचितच वाटेल.

अल्कॉकने १८९९ साली संग्रहालयातील खोल समुद्राच्या माशांची वर्णनात्मक यादी आणि १९०२ साली प्रवासवर्णनाचे एक सुंदर पुस्तक प्रसिद्ध केले. १८९२ पासून इन्व्हेस्टिगेटरच्या प्राण्यांचे चित्रसंच निघू लागले, आणि त्यांवर ए. सी. चौधरी व एस. सी. मंडल या चित्रकारांची नावे आहेत. जे मासे वर येईपर्यंत दाबातील फरकाने फुगलेले, फाटलेले आणि रंग गमावलेले असत, त्यांचे खवले मोजून, दात मोजून, या दोघांनी त्यांना कागदावर पुन्हा घाटदार केले. शास्त्राच्या इतिहासात अशा हातांची नोंद तळटीपेत होते. वास्तविक समुद्रतळाचा चेहरा आपल्या देशात प्रथम दाखविणारे हात तेच.

मात्र हा चेहरा पाहिला कुणी? कलकत्त्याचे लोक ज्याला जादूघर म्हणतात त्या संग्रहालयात बरण्यांतील मासे गेले, आणि चित्रसंच विद्वानांच्या कपाटांत गेले. मद्यार्कात बुडालेला झिंगा फिकट पिवळा पडतो. त्याचा प्रकाश तर पहिल्या रात्रीच विझलेला असतो. बरणी माणसाकडे जात नाही, माणसाला बरणीकडे जावे लागते. आणि सोसल्याहून कलकत्त्याला जाणारा माणूस काशीयात्रेच्या निमित्तानेच जाणार.

माणसाकडे जाणाऱ्या प्रदर्शनाची परंपरा आपल्याकडे नव्हती असे मात्र नाही. चित्रकथी आपल्या पोथ्या घेऊन गावोगाव हिंडत असत. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास काचेवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडून दाखविण्याचे खेळ सुरू केले, त्याला 'शांबरिक खरोलिका' असे भारदस्त नाव दिले, आणि पुढे त्यांच्या मुलांनी ते खेळ ठिकठिकाणी नेले. रामायण-महाभारतातील प्रसंग पाहण्यासाठी लोक अंधारात दाटीवाटीने बसत. अंधार आणि त्यात उजळणारे चित्र, एवढेच साहित्य. खोल समुद्र दाखविण्यास याहून योग्य साधन सुचणे कठीण. इकडे म्हैसुरात चामराज वडेयर दहावे यांनी १८८० साली दसऱ्याच्या निमित्ताने प्रदर्शन भरविण्याची प्रथा घातली. बैलगाडीने दसऱ्याला आलेली रयत अंबारीची मिरवणूक पाही आणि त्याच फेरीत नवनव्या वस्तूही पाहून जाई. पाहणे हेच शिकणे, हा धडा म्हैसूरच्या रयतेला दरबाराने फार लवकर दिला.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उभे राहिले. २७ मे १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी त्याचे उद्घाटन केले. मुंबई पाहावयास गेलेल्या घाटावरच्या हजारो कुटुंबांनी जिवंत समुद्री मासा प्रथम पाहिला तो त्या काचेआड. पण मत्स्यालयाची काच खोल समुद्राला अपुरीच पडते. शेकडो पट दाबाखाली, गोठणबिंदूच्या जवळपासच्या थंडीत आणि पूर्ण अंधारात राहणारा जीव तेथे आणावा कसा?

खरा पालट १९६५ साली झाला. कलकत्त्याच्या बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालयाने त्या वर्षी आपली दालने एका मोटारीवर चढविली आणि ती खेड्यांकडे पाठविली. त्याच वर्षी बेंगळुरात, जुन्या म्हैसूर संस्थानच्या दिवाणाच्या नावाने उभारलेले विश्वेश्वरय्या संग्रहालय लोकांना खुले झाले. पुढे तेथूनही कर्नाटकातील शाळांसाठी अशा गाड्या निघू लागल्या. १९७८ साली राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद स्थापन झाल्यावर मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रानेही महाराष्ट्रात हे काम चालविले. या गाडीला 'म्युझिओबस' म्हणतात. शाळेच्या पटांगणात ती उभी राहते, कडेच्या झडपा वर उचलल्या जातात, आणि आत दोन डझनांच्या आसपास प्रयोग मांडलेले दिसतात. मुले रांगेने तिला प्रदक्षिणा घालतात, कळ दाबतात, चाक फिरवतात. आरंभीच्या गाडीचा विषय वीज हा होता, आणि ते योग्यच होते, कारण त्या काळी वीज गावाच्या वेशीपर्यंत येऊ लागली होती आणि तिची ओळख करून देणे निकडीचे होते.

समुद्रतळ मात्र अजून कुणाच्या वेशीशी आलेला नव्हता. तो आला, पण आपल्याला न कळत आला. १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेल्या आणि गोव्यात दोना पावला येथे वसलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या गवेषणी या जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी समुद्राच्या तळातून पहिला धातुगोटा वर काढला. बटाट्याएवढा, काळसर, खडबडीत असा हा गोटा असतो; त्यात मँगेनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट असते, आणि दहा लाख वर्षांत तो काही मिलिमीटरच वाढतो. १९८७ साली मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटरांचा टापू शोधकार्यासाठी भारताच्या वाट्यास आला. त्यातील पंचाहत्तर हजार चौरस किलोमीटरांचा भाग आता आपल्याकडे राखलेला आहे. म्हैसूर जिल्ह्याच्या दहापटीहून मोठा असा हा टापू, पण त्याचा सातबारा कुणी पाहिलेला नाही. २०२१ साली केंद्र सरकारने खोल समुद्र मोहिमेसाठी चार हजार सत्त्याहत्तर कोटी रुपयांची मंजुरी दिली, आणि तीन माणसांना सहा हजार मीटर खाली नेणारे 'मत्स्य' नावाचे यान बांधावयास घेतले. हा पैसा सोसल्याच्या शेतकऱ्याचाही आहे. त्याच्या नावाने जो तळ राखून ठेवला आहे त्यावर काय जगते, हे त्याला ठाऊक असणे हा त्याचा हक्क आहे.

रुळांवरून धावणाऱ्या 'सायन्स एक्स्प्रेस'ने हा हक्क काही अंशी ओळखला. २००७ च्या ऑक्टोबरात दिल्लीहून निघालेली ही सोळा डब्यांची प्रदर्शनगाडी ५ जून २०१२ पासून जैवविविधतेचा विषय घेऊन देशभर फिरली, आणि हिमालय, वाळवंट, सह्याद्री यांच्या जोडीने किनारे व समुद्र यांनाही तिच्यात जागा होती. पण आगगाडी स्थानकाशीच थांबते; गावात शिरते ती मोटार.

म्हणून माझे म्हणणे असे, की खोल समुद्र म्युझिओबसवर चढवावा. आणि तो सोसल्याला दाखवावयाचा तर सोसल्याच्या मापाने दाखवावा. चामुंडीचा डोंगर समुद्रसपाटीपासून एक हजार मीटरांहून थोडा अधिक उंच आहे. तितकेच समुद्रात खाली उतरले की सूर्यप्रकाशाचा अखेरचा अंश संपतो. तेथे नखाएवढ्या जागेवर पडणारा दाब सुमारे शंभर किलोंचा, म्हणजे एका क्विंटलाच्या पोत्याएवढा असतो. अशा पाच चामुंडी एकीखाली एक उलट्या रचल्या की आपल्या धातुगोट्यांच्या तळाशी पोहोचावे. हे सांगण्यास परदेशी मनोऱ्यांच्या उपमा लागत नाहीत; शाळेतले प्रत्येक मूल चामुंडीच्या पायऱ्या चढलेले असते किंवा चढू इच्छित असते. बरण्या नेण्यापेक्षा गाडीत एक छोटी अंधारकोठडी करावी, तिच्यात जीवांच्या हुबेहूब प्रतिकृती ठेवाव्यात, आणि पटवर्धनांच्या खरोलिकेप्रमाणे प्रकाश एकेका जीवाच्या अंगातून फुटू द्यावा. ज्या शास्त्रज्ञांनी हे जीव पाहिले ते त्या अंधाराचे वर्णन करताना थकत नाहीत. तो अंधार मुलांना दोन मिनिटे तरी अनुभवू द्यावा.

आणि त्या गाडीत एका गोगलगाईला अवश्य जागा द्यावी. २००१ साली हिंदी महासागराच्या मध्यावरील पर्वतरांगेत, उष्ण झऱ्यांपाशी, सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर, ती शास्त्रज्ञांना सापडली. तिच्या पायावर खवले आहेत आणि त्या खवल्यांवर लोहाच्या संयुगाचे कवच चढलेले आहे. ज्याच्या अंगावर असे लोहाचे चिलखत असते असा दुसरा प्राणी ज्ञात नाही. २०१९ साली तिचे नाव संकटग्रस्त जीवांच्या जागतिक यादीत दाखल झाले. तिचा अधिवास लहान असून खाणकामाने नष्ट होण्याचा धोका आहे, हे त्याचे कारण. खोल समुद्रातील खाणकामाच्या भयाने त्या यादीत आलेला हा पहिला प्राणी. धातू पाहिजे की गोगलगाय, हा प्रश्न आज ना उद्या देशापुढे येणार आहे, आणि त्याचा निर्णय दिल्लीच्या कचेऱ्यांतच होऊ नये.

बेंगळूर, मुंबई आणि पणजी येथील विज्ञान केंद्रांच्या चालकांना या लेखाच्या निमित्ताने एवढीच विनंती करावीशी वाटते, की अशी गाडी सजवाल तेव्हा फलक कन्नडात आणि मराठीत, गावच्या शिक्षकाला वाचून दाखविता येतील इतक्या सोप्या भाषेत लिहा; पहिल्या कपाटात देव्हाऱ्यातील शंख ठेवा, त्याशेजारी वाळलेला बोंबील आणि अल्कॉकचा खोल पाण्यातील बोंबील ठेवा, आणि गाडीचा एक मुक्काम सोसल्याच्या शाळेत करा.