हुकूम कुणाच्या हाती?

मंडळी, बेंगळुरूच्या आयटी पार्कांत जावावर काम करणारी आपली मुलं ज्या मुद्द्यावर रोज भांडतात, त्याचा हा इतिहास.

1996 च्या पहिल्या जावात सेटिंगसाठी ‘सिस्टिम प्रॉपर्टीज’ होत्या. साऱ्या प्रोग्रामची एकच यादी; कुणीही वाचावी, कुणीही बदलावी. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या कंपन्यांचे हुकूम एकाच फळ्यावर, आणि खडू प्रत्येकाच्या हातात! पैशांचा व्यवहार करणाऱ्या भागाने चाचणीचा पासवर्ड उचलला, तर फळ्यावर तो लिहिला कुणी?

1999 मध्ये ओएसजीआय ही संघटना उभी राहिली, ती घरातल्या गेटवे यंत्रांसाठी. यंत्र चालू ठेवून त्याचे भाग बदलायचे, म्हणजे सेटिंगसाठी ते बंद करणं नामंजूर. त्यांच्या ‘कॉन्फिगरेशन अ‍ॅडमिन’ने दिशाच उलटवली. भागाने फाइल शोधत फिरायचं नाही. आपली ओळख, म्हणजे पीआयडी, नोंदवून ठिकाणावर थांबायचं. त्याच्यापुरतं सेटिंग त्याच्या हाती येतं, बदललं की पुन्हा येतं. मला हे फार पटतं.

2004 मध्ये एक्लिप्स 3.0 ने ओएसजीआयचा पाया घेतला. 2017 च्या जावा 9 ने मॉड्यूल भाषेतच आणले, पण सेटिंग पोहोचवण्याची सोय त्यांत दिली नाही. भांडण चालू आहे ते म्हणूनच.