उघड्या दाराची प्रार्थना



आमच्या मंडळीच्या जवळच एक ख्रिस्ती प्राथमिक शाळा आहे. मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हा स्वयंसेवकांना निरोप पाठवला, की दर सोमवारी परिपाठाच्या वेळी दहा मिनिटांची प्रार्थना मंडळीने घ्यावी. आम्हाला आनंद झाला. पण ठरवायला बसलो तेव्हा दहा मिनिटांच्या प्रार्थनेवर दोन तास वाद झाला.

एक वडीलधारे बंधू म्हणाले, “शाळा आपली, प्रार्थना आपली. कोणाला विचारायचे कशाला? नको असेल त्याने दुसरी शाळा बघावी.” दुसरे म्हणाले, “दिवस कसे आहेत ते बघा. प्रार्थना राहू द्या, एखादे देशभक्तीचे गीत म्हणू या.” रविवारच्या शाळेत शिकवणाऱ्या आमच्या एका बहिणीने तेवढेच विचारले, “दादा, मुलांना काय वाटते ते कोणी विचारले का? आणि प्रार्थना करायची ती कोणत्या भाषेत?”

हा प्रश्न आमच्या भागात साधा नाही. बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेवर मूल घरी मराठी बोलते, गल्लीत कन्नड आणि दखनी ऐकते आणि शाळेत इंग्रजी धडा पाठ करते. एकाच वर्गात लिंगायत, मराठा, मुस्लिम, बौद्ध आणि ख्रिस्ती घरांतली लेकरे शेजारी शेजारी बसतात. भीतीही खोटी नव्हे. 2022 साली बेंगळुरूतल्या एका ख्रिस्ती शाळेच्या प्रवेशअर्जातील बायबलविषयीच्या अटीवरून राज्यभर गदारोळ झाला, तो आमच्या मंडळीतही सगळ्यांना आठवत होता. निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला. मधल्या दिवसांत आम्ही आपल्याच इतिहासाकडे वळलो, आणि तिथे आम्हाला पंडिता रमाबाई भेटल्या.

रमाबाई म्हटले की आपल्याला केडगाव आठवते. पण त्या आपल्या याही भागाच्या आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांचा जन्म 1858 साली कर्नाटकातील सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. घरची भाषा मराठी, भोवतालची कन्नड, आणि आईवडिलांनी शिकवलेली संस्कृत. म्हणजे आमच्या मुलांसारखेच अनेक भाषांतले बालपण. पुढे 1912 साली त्यांनी गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, ख्रिश्चन हायस्कूल सुरू केले आणि त्याची धुरा आपली कन्या मनोरमाबाई यांच्याकडे दिली. केडगाव आणि गुलबर्गा एकाच रेल्वेमार्गावर आहेत, पण तेव्हा त्या दोन गावांमध्ये राज्य बदलत असे: केडगाव इंग्रजी मुलखात, गुलबर्गा निजामाच्या. शिक्षणात मागे पडलेला हा प्रदेश बाईंनी शाळेसाठी निवडला.

पण शाळेतील प्रार्थनेचा धडा रमाबाईंनी गुलबर्ग्याला येण्याच्या वीस वर्षे आधी, मोठी किंमत देऊन शिकला होता. तो नीट सांगायला हवा.

11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. सुरुवात झाली दोन मुलींनी. त्यांपैकी एक होती बालविधवा गोदूबाई, जी पुढे धोंडो केशव कर्वे यांची पत्नी आनंदीबाई झाली. 1890 मध्ये सदन पुण्यात आले. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 सालीच इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला होता, आणि ही गोष्ट कोणापासून लपलेली नव्हती. तरीही सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे त्यांनी वचन दिले होते. ते त्यांनी पाळलेही. मुलींना आपापले सोवळेओवळे पाळता येत असे, आपापल्या देवाची पूजा करता येत असे. अमेरिकेत बाईंनी बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले होते, त्याचा उपयोग त्यांनी लहान मुलींसाठी केला. धर्म शिकवण्याचा तास मात्र नव्हता.

मग वाद कशाचा झाला? एका दाराचा. बाई रोज आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन बसत, शास्त्र वाचत, प्रार्थना करत. त्या वेळी खोलीचे दार त्या लावून घेत नसत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. बोलावणे नव्हते, आणि आलेल्याला उठवणेही नव्हते. पुण्यात चर्चा सुरू झाली. वर्तमानपत्रांनी टीका केली. सदनाच्या सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे होती, आणि ती बाईंची वैरी नव्हती, हितचिंतक होती. 1893 मध्ये त्यांनी राजीनामे दिले. वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले. ज्या मुलींसाठी बाईंनी समुद्र ओलांडून पैसा उभा केला, त्यांतल्या कितीतरी पुन्हा त्याच अंधाऱ्या माजघरांत गेल्या.

ही गोष्ट आपण ख्रिस्ती लोक सांगतो तेव्हा बहुधा एकाच बाजूने सांगतो. आमच्या बैठकीतही तसेच होऊ लागले होते. पण त्या शिक्षिका बहिणीने आम्हाला थांबवले. ती म्हणाली, “रानड्यांच्या जागी बसून बघा. नऊ-दहा वर्षांची पोर. डोक्यावरचे केस गेलेले, घरात कोणी प्रेमाने बोलत नाही. अशा पोरीला पहिल्यांदा माया करणारी बाई भेटते, आणि ती बाई प्रार्थनेला बसते. पोर तिच्यामागे जाणार नाही तर काय करील? याला स्वेच्छा म्हणायचे का?”

आम्ही गप्प झालो. प्रश्न खरा होता. जबरदस्ती नेहमी छडीनेच होते असे नाही. मुलाचे आपल्यावर प्रेम असते, त्याला आपली शाबासकी हवी असते, आणि नकळत त्याचेही ओझे होते. शाळेत मोठे माणूस पुढे उभे राहून “हात जोडा” म्हणते, तेव्हा लेकराला नाही म्हणण्याची जागा असतेच कुठे?

मग बाईंचे चुकले का? आम्हाला तसे वाटत नाही. दार लावून घेतले असते तर प्रार्थना ही लपवण्याची गोष्ट आहे, असे मुली शिकल्या असत्या. प्रभूने आपल्याला दार लावून प्रार्थना करायला सांगितले (मत्तय 6), ते लोकांना दाखवण्याच्या मोहापासून वाचावे म्हणून, लाजावे म्हणून नव्हे. बाईंचे दार दिखाव्यासाठी उघडे नव्हते. पण हेही खरे, की तटस्थतेचे वचन आणि उघडे दार यांतली ओढाताण मुलींच्या वाट्याला आली. बाईंनी पुढे ती मिटवली. केडगावला मुक्ती उभी राहिली ती उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून. आणि 1912 साली गुलबर्ग्यात शाळा काढली, तेव्हा ‘ख्रिश्चन’ हा शब्द शाळेच्या नावातच होता. आत येणाऱ्याने दाराशीच वाचावे, की हे घर कोणाचे आहे.

हा पहिला धडा: आपण कोण आहोत ते आधी सांगावे. मागाहून कळू देऊ नये.

दुसरा धडा भाषेचा. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत रमाबाईंनी एक प्रचंड काम अंगावर घेतले होते. इब्री आणि ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचे त्या साध्या मराठीत भाषांतर करीत होत्या. संस्कृतात पारंगत, पंडिता म्हणून गौरवलेली ही विदुषी. जड मराठी तिला सहज लिहिता आली असती. पण खेड्यातल्या, नुकतीच अक्षरओळख झालेल्या बाईला वाचून समजावे, हा त्यांचा ध्यास होता. मुक्तीच्या छापखान्यात मुक्तीच्याच स्त्रियांनी खिळे जुळवले आणि पाने छापली. जुलै 1921 मध्ये मनोरमाबाई प्रभूकडे गेल्या. तो घाव सोसून बाईंनी काम पुरे केले, आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्याही गेल्या. ते शास्त्र 1924 साली प्रसिद्ध झाले. नहेम्याच्या आठव्या अध्यायात लोकांना नियमशास्त्र वाचून अर्थासह उलगडून सांगितल्याचे आहे. ते अर्थ कळून रडले. न कळलेल्या शब्दांनी कोण रडते?

इथे आमच्या भागाचे दुखणे येते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार राज्ये झाली, तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्याचे तुकडे तीन राज्यांत गेले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठवाड्याबरोबर गेले. नारायणखेड, जहिराबादकडचा भाग आंध्रात गेला. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले. मामा एका राज्यात, भाचा दुसऱ्या राज्यात. कन्नडशी आमचे वैर नाही, ती आमच्या मुलांच्या भाकरीची भाषा आहे, आणि नाडगीत ती मनापासून गातात. पण मराठी हळूहळू पाटीवरून गेली, मग दप्तरातून गेली, आणि आता पुष्कळ घरांत ती आजीपुरती उरली आहे. आमच्या रविवारच्या शाळेतील एक मुलगा प्रभूची प्रार्थना इंग्रजीत न अडखळता म्हणतो. “यातली रोजची भाकर म्हणजे काय रे?” असे विचारले तर तो आमच्याकडे बघत राहिला. घरी आईच्या हातची भाकरी तो रोज खातो. प्रार्थनेतली भाकर तीच, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

तिसरा धडा आम्हाला आपल्या राज्यघटनेत मिळाला. निजामाचे राज्य सप्टेंबर 1948 मध्ये संपले, आणि 26 जानेवारी 1950 पासून घटनेचे छत्र या भागावरही आले. तिचे कलम 30 अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देते. कलम 28 त्याच शाळांना एक मर्यादा घालते: सरकारमान्य किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणालाही त्याच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येणार नाही, आणि विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती हवी. आमच्यातल्या काहींना हे कलम आजवर अडसर वाटत होते. पण 1893 चे पुणे डोळ्यांसमोर ठेवून वाचले, तेव्हा आम्हाला त्यात रानड्यांच्या काळजीचे उत्तर दिसले आणि बाईंच्या उघड्या दाराला संरक्षणही दिसले. प्रार्थना करू नका, असे ते म्हणत नाही. ओढून आणू नका, एवढेच म्हणते. आणि हे तर आपल्या प्रभूचेच वागणे आहे. प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात तो दाराशी उभा राहून ठोठावतो, दार मोडून आत शिरत नाही. लेकरांना आपल्याकडे येऊ द्या, अडवू नका, असे तो शिष्यांना सांगतो. त्यांना धरून आणा, असे सांगत नाही.

पुढच्या बैठकीत आम्ही ठरवले ते असे. प्रवेशाच्या वेळी पालकांना त्यांच्या भाषेत सांगायचे, की ही ख्रिस्ती शाळा आहे, सोमवारी अशी प्रार्थना होते, आणि तुमची संमती असेल तरच तुमचे मूल तीत बसेल. ज्याला नको, त्याने शेजारच्या वर्गात बाईंजवळ चित्र काढावे किंवा गोष्टीचे पुस्तक वाचावे. त्यावरून त्याला कोणी टोकायचे नाही, आलेल्याला खाऊ द्यायचा नाही. प्रार्थना एका सोमवारी कन्नडमध्ये, एका सोमवारी मराठीत, सोप्या शब्दांत: आजारी आईसाठी, पावसासाठी, भांडलेल्या मित्रासाठी. दुसऱ्याच्या श्रद्धेला उणे लावणारा एकही शब्द तीत नको.

ते वडीलधारे बंधू अजून पुरते पटलेले नाहीत. “एवढे विचारत बसलो तर किती मुले राहतील?” असे ते म्हणाले. पहिल्या सोमवारी काही मुले उठून शेजारच्या वर्गात गेलीही. आमच्यातल्या काहींचे चेहरे उतरले, हे कबूल करतो. एक दुसरीतली मुलगी मात्र ना आत आली, ना तिकडे गेली. व्हरांड्याच्या पायरीवर बसून राहिली. आता कित्येक सोमवार झाले, ती तिथेच बसते. तिला आम्ही हाक मारत नाही, आणि तिथून उठवतही नाही.

दार उघडे असते.

हे प्रभो, ज्या बाईंनी आमच्या या मुलखात तुझ्या नावाने शाळेचे दार उघडले, त्यांच्यासाठी आम्ही तुझे उपकार मानतो. आमच्या मुलांना त्यांच्या आईच्या भाषेत तुला हाक मारता येऊ दे. मोजदाद करण्याच्या मोहापासून आम्हाला राख. भीतीने दार लावणारे आणि हट्टाने आत ओढणारे, दोन्ही हात आमचेच आहेत. ते तू आवर. आमेन.