अभिलेखबंध

अभिलेखबंध : संगणकात साठविलेल्या माहितीतील प्रत्येक नोंदीची लांबी, तीतील रकाने व त्यांचा क्रम निश्चित करणारी रचना. परस्परसंबद्ध अभिलेखांच्या समूहास माहितीसंच म्हणतात.

या रचनेचे मूळ छिद्रित पत्रांत आढळते. आयबीएम कंपनीने १९२८ मध्ये ८० स्तंभांचे पत्र प्रचारात आणले. पुढे चुंबकी फिती व तबकड्या आल्यावरही ८० अक्षरांचा अभिलेख दीर्घकाळ रूढ राहिला. १९६४ मध्ये जाहीर झालेल्या सिस्टिम/३६० या मेनफ्रेम मालिकेच्या कार्यप्रणालीत स्थिर, परिवर्ती व अनिश्चित लांबीचे असे तीन प्रकार होते. स्थिर प्रकारात सर्व अभिलेख समान लांबीचे असल्याने क्रमांक व लांबी यांच्या गुणाकारावरून नोंदीचे स्थान काढता येते. मात्र लहान नोंदीत जागा वाया जाते व मोठी नोंद मावत नाही. परिवर्ती प्रकारात प्रत्येक अभिलेखाच्या आरंभी ४ बाइटांचा वर्णक असून त्यात त्याची लांबी दिलेली असते. अनिश्चित प्रकारात नोंदीचा अर्थ लावण्याचे काम आज्ञावलीवर सोपविलेले असते. अनेक अभिलेख एका गटात लिहिल्यास फितीवरील गटांमधील रिकाम्या जागांची बचत होते.

रकान्यांचा प्रश्न संगणकाहून जुना आहे. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने जमिनीचे अधिकार अभिलेख सुरू झाले. महाराष्ट्रात गाव नमुना सात (अधिकार अभिलेख) व बारा (पिकांची नोंदवही) मिळून सातबारा उतारा होतो. डहाणू व तलासरी या तालुक्यांत (पालघर जिल्हा, २०१४ पूर्वी ठाणे) या नमुन्याचे महत्त्व विशेष आहे. तेथे १९४५ मध्ये शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा दिला. १९४८ च्या कूळकायद्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी पात्र कूळ जमिनीचे मालक मानले गेले. तोंडी कराराने जमीन कसणाऱ्याचे नाव कुळाच्या रकान्यात चढले नसल्यास हक्क सिद्ध करणे त्यास कठीण जाई. १९७४ च्या दुरुस्तीने आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीस देण्यास पूर्वमंजुरी आवश्यक झाली. हे निर्बंध ‘इतर अधिकार’ या रकान्यात दर्शविले जातात.

भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. त्यांत वर्धा जिल्हा होता. हे काम मेनफ्रेमऐवजी लहान संगणकांवर झाले, तरी अभिलेखबंधाचा मूळ प्रश्न तोच राहिला. खातेदाराच्या मृत्यूनंतर एका गटक्रमांकावर अनेक वारस येतात. त्यांची संख्या आधी सांगता येत नाही. त्यामुळे नावांसाठी ठरावीक जागा राखल्यास काही वारस नोंदीबाहेर राहण्याचा धोका असतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार विवाहितांच्या बाबतीत हक्क पतिपत्नींच्या संयुक्त नावे नोंदवावा लागतो. असा हक्क एकाच नावापुरता रकाना असलेल्या नमुन्यात यथार्थपणे उतरू शकत नाही.