पंचविसावी आणि पस्तिसावी मिलिसेकंद

१९८२ साली फिलिप्सने दूरचित्रवाणी संचातील चिपांच्या संभाषणासाठी ‘आय-स्क्वेअर-सी’ ही दोन तारांची पद्धत आणली. तीत संथ चिपला एक सवलत होती : घड्याळाची तार खाली धरून समोरच्याला थांबवून ठेवायचे. किती वेळ? त्याला मर्यादाच नव्हती. एक चिप अडकली की सारी वाहिनी ठप्प. दूरचित्रवाणी बंद करून पुन्हा लावता येई. लॅपटॉपच्या बॅटरीतली चिप मात्र स्वतःच्याच विजेवर जगते.

म्हणून १९९५ च्या ‘एसएमबस’ मानकात कालमर्यादा आली : किमान २५ मिलिसेकंद, कमाल ३५.

हे आकडे अनेकजण घटकाच्या अचूकतेची सूट म्हणून वाचतात. मला ते वाचन अपुरे वाटते. जुन्या सनदांप्रमाणे इथेही क्रियापदे पाहावीत. २५ नंतर उपकरण संभाषण सोडू ‘शकते’. सोडणाऱ्याने ३५ च्या आत नव्या प्रारंभ-संकेतासाठी सज्ज असलेच ‘पाहिजे’. पहिली परवानगी, दुसरे बंधन. तिसाव्या मिलिसेकंदाला काही उपकरणे मूळ अवस्थेत परतलेली असतील, काही नसतील. दोन्ही नियमातच आहेत. सर्वांना खात्रीने परत आणायचे तर नियंत्रकाने तार ३५ हून अधिक काळ खाली धरावी.

आणखी एक खाच. हा टायमर तार वर गेली की शून्यावर येतो; तो सलग खंडच मोजतो. थोडे थोडे थांबवत राहणाऱ्या उपकरणाला तो कधीच पकडणार नाही. त्यासाठी संपूर्ण संदेशातील विलंबांची बेरीज करणारी २५ मिलिसेकंदांची निराळी मर्यादा आहे. आकडा तोच, मोजणी वेगळी.