कावडीवरून उतरलेला फो

कॅलिफोर्नियात, सिडनीत किंवा पॅरिसच्या तेराव्या विभागात गल्लीतलं साधं व्हिएतनामी हॉटेल शोधायला भाषा यावी लागत नाही. पाटीवर ‘फो’ हा शब्द असतो आणि पुष्कळदा त्याच्यापुढे एक आकडा: ५४, ७५, ७९. आत पुसून पुसून चमक गेलेली टेबलं. टेबलावर डब्यात उभ्या केलेल्या चॉपस्टिक्स, खोलगट चमचे, काळ्या गोडसर सॉसची एक बाटली आणि हिरव्या टोपणाची, कोंबडा छापलेली एक लाल बाटली. ऑर्डर दिली की वाडग्याआधी पाल्याची ताटली येते. तिच्यात मुगाचे लांब पांढरे मोड, जांभळ्या देठाची तुळस, दातेरी कडांची आणि कोथिंबिरीच्या वासाची लांब पानं, लिंबाची फोड, मिरचीच्या चकत्या असतात. मग वाडगं. तळाशी तांदळाच्या चपट्या शेवया, वर गोमांसाचे पारदर्शक वाटावेत इतके पातळ कच्चे काप आणि त्यांच्यावर नुकतंच ओतलेलं उकळतं सूप. समोर येईपर्यंत कापांच्या कडा करड्या पडलेल्या असतात, मधे अजून लाली असते.

हा पदार्थ जगभर व्हिएतनामचा पुरातन ठेवा म्हणून विकला जातो. वय विचाराल तर जेमतेम सव्वाशे वर्षं. त्यातही वाडगं एका काळातलं, पाला दुसऱ्या काळातला आणि लाल बाटली तर व्हिएतनामची नव्हेच.

उत्तर व्हिएतनामात तांबड्या नदीच्या खोऱ्यात बैल आणि म्हैस ही नांगराची जनावरं. गोमांस खाण्याची फारशी रीत नव्हती. रस्त्यावर आणि घाटांवर मिळायचं ते ‘साओ चाउ’: म्हशीच्या मांसाचा रस्सा आणि त्यात तांदळाच्या शेवया. १८८०च्या दशकात फ्रेंचांचा अंमल बसला आणि साहेबाच्या बीफस्टेकसाठी गाई-बैल कापले जाऊ लागले. साहेबाला हवा तो मऊ तुकडा. हाडं, शेपटी, छातीचा चिवट भाग यांना गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून ते स्वस्तात सुटायचे. साओ चाउ विकणाऱ्यांनी आणि चिनी फेरीवाल्यांनी ते उचलले. गोमांस आणि शेवयांचा मेळ चिन्यांना आधीपासून ठाऊक होताच. नदीतल्या बोटींवर युन्नानचे, ग्वांगडोंगचे आणि स्थानिक हमाल-खलाशी एकत्र राबत. त्यांना हवं होतं गरम, पोटभर आणि उभ्या उभ्या खाता येईल असं काहीतरी. (महाराष्ट्रात २०१५च्या कायद्यानंतर गाय-बैल दोन्ही कापायला बंदी आली, म्हशीला नाही. त्यामुळे मुंबईत एखाद्या मेन्यूत ‘बफ फो’ दिसला तर नाक मुरडू नये. तो आपल्या आजोळी गेला आहे.)

जन्मस्थानावरून दोन गावांत वाद आहे. हनोईकरांचं म्हणणं काहीही असो, पारडं जड आहे ते नव्वदेक किलोमीटरवरच्या नाम दिन्ह या गिरणीच्या शहराचं. फ्रेंचांच्या काळात तिथे मोठी कापडगिरणी उभी राहिली आणि कामगारांची आयती गर्दी जमली. त्याच भागात व्हान कू नावाचं गाव आहे. तिथल्या बहुतेकांचं आडनाव ‘को’ आणि धंदा फोचा. मुंबईतली उडुपी हॉटेलं जशी एका किनारपट्टीच्या माणसांनी चालवली, तशी हनोईतली कितीतरी फोची दुकानं या को मंडळींनी चालवली.

कागदावरचे पुरावे थोडे आहेत, पण बोलके आहेत. १९०८-०९ साली आंरी ओजे नावाच्या तरुण फ्रेंच माणसाने हनोईच्या रोजच्या जगण्याची ४,०००हून अधिक रेखाचित्रं स्थानिक कारागिरांकडून करवून घेतली. त्यात खांद्यावर कावड घेतलेले खाद्यविक्रेते आहेत. १९३०च्या सुमाराच्या एका व्हिएतनामी शब्दकोशात ‘फो’ला स्वतंत्र नोंद मिळाली: पातळ कापलेल्या शेवया, गोमांसाबरोबर शिजवलेल्या. नाव शेवयांच्या चिनी शब्दावरून आलं असं तो कोश सांगतो. ते फ्रेंच ‘फ’, म्हणजे विस्तव, या शब्दावरून आलं हा दावा फ्रेंचांना आवडतो, इतकंच.

कावड हे फोचं पहिलं दुकान. बांबूच्या एका टोकाला चूल आणि तिच्यावर अखंड उकळणारा हंडा. दुसऱ्या टोकाला लाकडी कपाट, त्यात शेवया, शिजलेलं मांस, वाडगी, कांद्याची पात, मिरी आणि माशांपासून मुरवलेलं खारं पाणी, नुओक माम. पहाटे आणि रात्री आरोळी देत फिरायचं, गिऱ्हाईकाने हाक मारली की कावड जमिनीवर टेकवायची. पदार्थाची सगळी रचना या दोन टोकांनी ठरवली. शेवया आधी शिजवून ठेवायच्या, मांस आधी कापायचं, वेळ द्यायचा तो फक्त हंड्याला. म्हणूनच आजही ऑर्डर दिल्यापासून वाडगं यायला पाच मिनिटं पुरतात, आणि त्याआधी कुणीतरी रात्र जागवलेली असते.

त्या रात्रीचं काम असं चालतं. हाडांना एक उकळी काढून ते गढूळ पाणी सरळ फेकून देतात, हाडं धुतात आणि नव्या पाण्यात घालतात. अख्खा कांदा आणि आल्याचा मोठा तुकडा विस्तवावर काळे होईपर्यंत भाजतात, कोळसा झालेली साल खरवडून काढतात आणि आतला मऊ गर हंड्यात जातो. चक्रीफूल, दालचिनीची साल आणि मसाला वेलची कोरडी भाजून फडक्याच्या पुरचुंडीत बांधून सोडतात. ती वेळेवर काढावी लागते, नाहीतर सुपाला काढ्याची चव येते. यानंतर आच मंद, आणि वर येणारा फेस सतत काढत राहायचा. सूप खळखळलं की चरबी पाण्यात फेटली जाते आणि ते दुधाळ होतं. तळातली शेवई दिसली नाही तर जुनं गिऱ्हाईक भुवया उंचावतं.

यातलं चक्रीफूल मराठी घराला परकं नाही. आपण त्याला बादियानही म्हणतो आणि गोड्या मसाल्यात घालतो. चीनच्या सीमेला लागून असलेला लांग सन हा व्हिएतनामी प्रांत त्याच्या झाडांसाठी प्रसिद्ध आहे, आणि तिथल्या चक्रीफुलांचं मोठं गिऱ्हाईक भारत आहे. आमटीतल्या वासाचं आणि हनोईच्या फुटपाथवरच्या वासाचं नातं असं डोंगराच्या एकाच उतारावर निघू शकतं.

१९३०च्या दशकापर्यंत फोने हनोई जिंकली होती. विनोदी कवी तू मो याने १९३४ साली त्याच्यावर चक्क स्तुतिकाव्य लिहिलं. श्रीमंत-गरीब दोघेही खातात ते कौतुक त्यात होतंच. १९३९च्या सुमारास सोमवारी आणि शुक्रवारी गोमांसविक्रीला बंदी आली आणि नाइलाजाने त्या दिवशी कोंबडीचा फो होऊ लागला. कर्मठांनी नाकं मुरडली. आज हनोईत केवळ कोंबडीचा फो देणारी नावाजलेली दुकानं आहेत.

१९५४ साली जिनिव्हा करार झाला, देश दोन तुकड्यांत विभागला गेला, आणि फोचेही दोन फो झाले.

कम्युनिस्ट उत्तरेत खासगी दुकानं मोडीत निघाली आणि सरकारी खानावळी आल्या. १९५७ साली ङुएन तुआन या नामवंत लेखकाने फोवर एक रसाळ निबंध लिहिला, तर देश उभारायचा सोडून शेवयांचं कसलं कौतुक, म्हणून त्याच्यावर टीका झाली. पुढे युद्ध आणि रेशनिंग. सरकारी वाडग्यात शेवया असत, पाणी असे, मांस नसे. त्याच सुमारास अमेरिकेची टेहळणीची वैमानिकाविना उडणारी विमानं हनोईवर घिरट्या घालू लागली होती. लोकांनी त्या वाडग्याचं नाव ठेवलं ‘वैमानिक नसलेला फो’. टंचाईवर इतका नेमका विनोद फार थोड्या स्वयंपाकघरांतून निघाला असेल.

दक्षिणेची गोष्ट उलटी. फाळणीनंतर आठ-नऊ लाख उत्तरेकडची माणसं दक्षिणेत गेली, त्यांच्याबरोबर हंडे गेले. सायगॉनला मांस मुबलक होतं, मेकाँगच्या खोऱ्यातली भाजी ढिगाने होती आणि प्रत्येक जेवणाबरोबर कच्चा पाला खायची तिथली जुनीच सवय. सुपात खडीसाखर पडली, शेवया बारीक झाल्या, काळा गोड सॉस आला, आणि ती पाल्याची ताटली आली. हनोईच्या जुन्या दुकानात आजही ती मिळत नाही. तिथे पात असते, मिरची असते, लसूण घातलेलं व्हिनेगर असतं, बस्स. उत्तरेचे लोक दक्षिणेच्या फोला सॅलड म्हणून हिणवतात. मला विचाराल तर पहिले दोन चमचे ताटलीला हात न लावता प्यावेत, आचाऱ्याची रात्र कशी गेली ते कळतं. मग खुशाल तुळस चुरडून घालावी, चांगलीच लागते.

सायगॉनचं एक दुकान तर इतिहासाच्या पुस्तकात गेलं. ‘फो बिन्ह’, म्हणजे शांततेचा फो. खाली अमेरिकन शिपाई सूप भुरकत होते आणि वरच्या मजल्यावर कम्युनिस्ट गनिमांची त्यांच्याच विरुद्ध १९६८च्या तेत हल्ल्याची आखणी चालली होती. सायगॉनवर चाल करून जाण्याचा हुकूम तिथूनच सुटला. मालक ङो तोआइ पकडला गेला. दुकान अजून चालू आहे.

३० एप्रिल १९७५ला सायगॉन पडलं. जे पळाले ते बहुतेक दक्षिणेचे, म्हणून जगाने जो फो चाखला तो दक्षिणेचा, ताटलीसकट. अमेरिकेत आलेल्यांपैकी अनेकांना आधी कॅलिफोर्नियातल्या कॅम्प पेंडलटन या लष्करी तळावर तंबूंत ठेवलं होतं. तिथून जवळच ऑरेंज काउंटीत पुढे ‘लिटल सायगॉन’ वसलं. पाटीवरचा आकडा कधी देश सोडल्याचं साल असतो, कधी दुकान उघडल्याचं, कधी मागे राहिलेल्या जुन्या दुकानाचं नाव. तो कुठला, हे गल्ल्यावरच्या आजोबांना विचारावं. गर्दी नसेल तर सांगतात.

राहिली लाल बाटली. तिचा कर्ता डेव्हिड ट्रान, व्हिएतनाममधला चिनी वंशाचा माणूस. तो तिकडेही मिरचीचा सॉस करून विकायचा. १९७८च्या डिसेंबरात सुमारे ३,३०० निर्वासितांनी भरलेल्या ‘हुई फाँग’ या मालवाहू जहाजातून तो निघाला. हाँगकाँगने जहाज कित्येक आठवडे बाहेरच अडकवून ठेवलं होतं. १९८० साली लॉस एंजेलिसला पोहोचल्यावर त्याला फोत घालण्याजोगा तिखट सॉस कुठे मिळेना, म्हणून त्याने स्वतःच करायला घेतला आणि व्हॅनमधून हॉटेलांना पोचवायला लागला. कंपनीला जहाजाचं नाव दिलं. कोंबडा छापला कारण त्याचं जन्मसाल, १९४५, चिनी पंचांगात कोंबड्याचं. सॉसचं ‘श्रीराचा’ हे नाव थायलंडच्या किनाऱ्यावरच्या एका गावाचं. म्हणजे थाई नाव, पूर्वी कॅलिफोर्नियाच्या मिरच्या, चिनी-व्हिएतनामी हात. हनोईतल्या वयस्क आचाऱ्यापुढे ही बाटली ठेवलीत तर तो ती हळूच बाजूला सारेल.

२०२४च्या ऑगस्टमध्ये व्हिएतनामच्या संस्कृती मंत्रालयाने फोला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला. दोन गावांचा वाद सरकारने खास सरकारी पद्धतीने सोडवला: हनोईच्या फोची एक नोंद, नाम दिन्हच्या फोची वेगळी. सायगॉनचा फो, ज्याच्यामुळे जगाला हे नाव ठाऊक झालं, त्या निर्णयात नव्हता.